गिसाल्लोची माउली व आल्फोन्सिना स्त्रादा

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत सायकलीच्या शर्यतीचा इतिहास कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उद्भवेल. त्यांस आरंभीच सांगावयाचे ते हे की, या इतिहासाचा एक धागा देवळाच्या वेदीपर्यंत जाऊन पोहोचतो. शिवाय आपल्या ग्रामातील मुली आज सायकलीवरून शाळेस जातात, त्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. ही निर्वेध वाट पूर्वी फार थोड्या स्त्रियांस लाभली होती.

स्त्रिया सायकलीच्या शर्यतीत उतरल्या त्या अलीकडे नव्हेत. इ. स. १८६९ च्या नोव्हेंबर महिन्यात पॅरिसहून रुआँ नगरापर्यंत जी शर्यत झाली, तीत एक स्त्री 'मिस अमेरिका' असे टोपणनाव धारण करून धावली व २९ वी आली. खरे नाव झाकून धावणे तिजला इष्ट वाटले, यावरून त्या काळची लोकदृष्टी ध्यानी येते. सायकलीविषयीचा संशय केवळ स्त्रियांपुरताच होता असेही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील काही धर्मप्रांतांत धर्मगुरूंनाही सायकलीवर बसण्याची मनाई होती. झग्यास ते वाहन शोभत नाही, अशी समजूत असे. आजारी माणसाच्या अंत्यसंस्कारासाठी दूरच्या पाड्यावर रात्री-अपरात्री जाण्याचा प्रसंग ज्यांजवर येतो, त्यांस या मनाईचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

आमची चरित्रनायिका आल्फोन्सिना मोरिनी ही इ. स. १८९१ मध्ये इटलीतील मोदेना नगराजवळ एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मली. घरात मुले पुष्कळ व मिळकत तुटपुंजी. ती दहा वर्षांची असता बापाने एक जुनी सायकल घरी आणिली, आणि त्या दिवसापासून मुलीचे चित्त दुसऱ्या कशातही रमेना. रविवारी मिस्सेला जाते असे आईबापांस सांगून ती शेजारच्या गावच्या शर्यतीस जात असे, अशी कथा तिच्याविषयी सर्वत्र सांगितली जाते. मिस्सा बुडविणे हे पाप होय, व खोटे बोलणे हेही. धर्मगुरू या नात्याने मजला तेथे सवलत देता येत नाही. परंतु ज्या गावात मुलीने सायकलीवर बसणे हीच निर्लज्जता मानीत, तेथे खरे बोलण्यास तिजसाठी कितीशी जागा ठेविली होती, हेही विचारणे प्राप्त आहे. लोक तिजला 'परकरातला सैतान' म्हणत. असे नाव पाडणारे लोक त्याच रविवारी देवळात बसले असतील, यात मजला संशय वाटत नाही.

इ. स. १९१५ मध्ये तिने लुईजी स्त्रादा नामक कारागिराशी विवाह केला. या गृहस्थाने वधूस दागिना न देता शर्यतीची नवी सायकल भेट दिली. एवढ्यावरून त्याची पारख करावी! पुढे महायुद्ध चालू असता, इ. स. १९१७ मध्ये, आल्फोन्सिनाने लोम्बार्दी प्रांताच्या सुप्रसिद्ध शर्यतीत नाव घातले. स्त्रियांनी धावू नये असा नियम पुस्तकात कोठेच नव्हता, कारण कोणी स्त्री येईल हे नियमकर्त्यांच्या स्वप्नीही नव्हते. त्या वर्षी विजेत्या फिलिप थिस याच्या मागून सुमारे दीड तासाने ती अखेरच्या स्पर्धकांसमवेत पोहोचली. पुढील वर्षी पुनः धावली, तेव्हा २१ वी आली व विजेत्यापासूनचे अंतर सुमारे २३ मिनिटांवर आले होते.

तथापि तिचे नाव इतिहासात राहिले ते इ. स. १९२४ च्या 'जीरो' शर्यतीमुळे. ही शर्यत म्हणजे अवघ्या इटलीची प्रदक्षिणाच. त्या वर्षी नामांकित स्वारांचे पैशावरून आयोजकांशी बिनसले व ते घरी राहिले. शर्यत चालविणाऱ्या 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या वृत्तपत्रास लोकांचे कुतूहल जागे ठेवणे भाग होते. म्हणून तिचा अर्ज मंजूर झाला. यादीत नाव छापले ते 'आल्फोन्सिन', म्हणजे पुरुषाचे वाटावे असे, आणि क्रमांक दिला ७२. आयोजकांचा हेतू काही थोर होता असे म्हणता येत नाही. पण दार उघडले, आणि ती आत शिरली.

एकंदर मार्ग ३,६१३ किलोमीटरांचा, बारा टप्प्यांत विभागलेला. रस्ते बहुतेक कच्चे. आजच्यासारखे गियर बदलण्याचे साधन त्या काळी त्या शर्यतीत नव्हते. मोठा चढ लागला म्हणजे स्वाराने खाली उतरावे, मागचे चाक काढून उलट बाजूने बसवावे व पुनः निघावे. चाकात हवा राहिली नाही तर दुरुस्ती ज्याची त्यानेच करावयाची. त्यासाठी जादा टायर खांद्यावर आडवे गुंडाळून घेत.

आठवा टप्पा लाक्विलाहून पेरुजापर्यंत २९६ किलोमीटरांचा होता. त्या दिवशी वादळी पावसाने रस्त्यांचा चिखल झाला. ती वारंवार पडली, आणि तिच्या सायकलीचे हँडल मोडले. वाटेतील शेतकऱ्यांच्या घरून मिळालेल्या झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून तिने ते चालते केले, असे सांगतात. पेरुजास ती पोहोचली, परंतु ठरलेल्या मुदतीनंतर. पंचांमध्ये वाद माजला. काहींच्या मते तिजला तत्काळ घरी धाडणे योग्य होते. अखेरीस वृत्तपत्राचे संपादक एमिलियो कोलोम्बो यांच्या पुढाकाराने असा तोडगा निघाला की, तिने पुढे धावावे, खाण्याराहण्याचा खर्च मिळेल, मात्र निकालात तिची गणना होणार नाही.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. बक्षिसाची आशा संपली होती, क्रमांकही संपला होता. तिजपुढे चार टप्पे होते, व त्यांतील एक बोलोन्याहून फियुमेपर्यंतचा, ४१५ किलोमीटरांचा. (फियुमे म्हणजे आज क्रोएशियात असलेले रिएका.) तो तिने सुमारे २१ तासांत पुरा केला. देह जखमांनी भरलेला, डोळ्यांत अश्रू, अशा स्थितीत ती तेथे आली तेव्हा तिष्ठत राहिलेल्या लोकांनी तिजला उचलून घेतले. मिलान येथून ९० स्वार निघाले होते. परत मिलानला पोहोचून निकालात आले ते अवघे ३०, आणि जुझेप्पे एन्रिची विजयी ठरला. त्या तिसांच्या यादीत तिचे नाव नाही, पण मिलानला ती पोहोचली. लोकांनी वर्गणी करून तिजला मोठी रक्कम दिली. याच काळात तिचा पती मनोविकाराने ग्रस्त झाला होता व त्याचा भार तिजवर होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या वर्गणीचे मोल कळते.

पुढील वर्षी तिचा अर्ज नाकारण्यात आला. त्यानंतर जीरोमध्ये अधिकृतपणे धावण्याची संधी तिजला कधीच मिळाली नाही. प्रदर्शनी शर्यतींवर तिने उपजीविका केली, वैधव्यानंतर जुन्या काळचा स्वार कार्लो मेस्सोरी याच्याशी पुनर्विवाह केला व मिलानमध्ये सायकलींचे दुकान चालविले. इ. स. १९५९ मध्ये ६८ व्या वर्षी ती वारली, तेव्हा ती मोटारसायकल वापरीत होती!

आता तो देवळाचा धागा. कोमो सरोवरानजीक माग्रेल्यो गावाजवळ डोंगरावर गिसाल्लो येथे मरियामातेचे एक लहानसे देऊळ आहे. दरोडेखोरांच्या तावडीत सापडलेला एक सरदार येथे माउलीच्या आश्रयाने वाचला, अशी आख्यायिका आहे. लोम्बार्दीची शर्यत इ. स. १९१९ पासून हा चढ चढू लागली, आणि दमलेले स्वार देवळापाशी थांबू लागले. तेथील धर्मगुरू फादर एर्मेलिंदो विगानो यांनी ही माउली सायकलस्वारांची आश्रयदात्री व्हावी असा आग्रह धरिला, व पोपमहाशय बारावे पायस यांनी १३ ऑक्टोबर १९४९ रोजी तशी घोषणा केली. एका खेड्यातील धर्मगुरूचा आग्रह रोमपर्यंत पोहोचला, याचे आम्हां सहबंधूंस विशेष कौतुक वाटते.

देवळाच्या भिंतींवर आज नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत: बार्ताली, कोप्पी, मेर्क्स, आणि इ. स. १९९५ मध्ये फ्रान्समधील शर्यतीत प्राणास मुकलेला फाबियो कासार्तेल्ली, त्याची मोडकी सायकलही. त्या सायकलींत एक आल्फोन्सिना स्त्रादा हिचीही आहे. स्त्रियांची स्वतंत्र जीरो शर्यत इ. स. १९८८ मध्ये सुरू झाली.