आलम आरा हरवला, अयोध्येचा राजा उरला

आज जुन्या सिनेमांबद्दल बोलायचंय. पण आधीच सांगतो, 'मरण्याआधी बघायलाच हवेत असे दहा जुने चित्रपट' अशी यादी आज मिळणार नाही. तशा याद्या तुमच्या फोनमध्ये ढीगभर आहेत. मला बोलायचंय ते या गोष्टीवर, की त्या यादीत एखादा सिनेमा येतोच कसा. चांगला असतो म्हणून? हो, तेही आहेच. पण त्याच्याही आधी, तो शिल्लक असतो म्हणून.

चला, गिरगावात जाऊ. १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक सिनेमा. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागलाय, भारतातला पहिला बोलपट. पडद्यावरची माणसं बोलतात, गातात हे बघायला इतकी गर्दी झाली की पोलीस बोलवावे लागले. आता फोन काढा आणि 'आलम आरा' शोधा. काही फोटो मिळतील, जाहिराती मिळतील. सिनेमा मिळणार नाही. संपूर्ण तर सोडाच, एक रीळसुद्धा कुठे नाही.

आता दुसरा शोध घ्या. 'अयोध्येचा राजा', फेब्रुवारी १९३२. 'आलम आरा'ला वर्षही झालं नव्हतं. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामती म्हणून दुर्गा खोटे. मराठीत केला आणि तोच हिंदीतही केला. हिंदीत केला म्हणजे डबिंग नव्हे हां. प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करायचा, एकदा मराठीतून, एकदा हिंदीतून. प्लेबॅक नावाची सोय अजून आलेली नव्हती, त्यामुळे नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे. हा सिनेमा आज आपण बघू शकतो. हातात उरलेल्या भारतीय बोलपटांतला हा सगळ्यात जुना मानला जातो आणि तो मराठी आहे.

दोन सिनेमे, वर्षभराचं अंतर. एक गेला, एक राहिला. का? याचं उत्तर कलेत नाही, रसायनशास्त्रात आणि भंगारच्या दुकानात आहे.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. हा पदार्थ बंदुकीच्या दारूच्या नात्यातला. एकदा पेटला की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी विझत नाही. आणि पेटला नाही तरी सुखाने राहत नाही. उष्ण, दमट हवेत आधी चिकट होतो, मग त्याची पावडर होते. मुंबईचा पावसाळा आठवा आणि त्यात पत्र्याच्या डब्यातली रीळं कल्पून बघा. नंतर, १९५० च्या आसपास, सेफ्टी फिल्म सगळीकडे आली. ती पेटत नाही, पण नीट ठेवली नाही तर आंबते. खराब झालेल्या रिळाचा डबा उघडला की अक्षरशः व्हिनेगरचा वास येतो.

आणि आकार किती? बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे दोन तासांचा एक सिनेमा जवळपास ११ हजार फूट, सव्वातीन किलोमीटर लांबीची पट्टी. आपण म्हणतो स्टोरेज फुल झालं. इथे स्टोरेज म्हणजे खरीखुरी खोली, खोलीचं खरंखुरं भाडं आणि आग लागेल म्हणून घरमालकाची बोलणी.

त्यात आणखी एक गोम होती. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीमुळे. सिनेमा थिएटरातून उतरला, तालुक्याच्या गावात फिरला, तंबूत फिरला, ओरखडे पडून पडून संपला की निर्मात्याच्या दृष्टीने त्या पट्टीची किंमत काय? तिच्यातल्या चांदीइतकी. टीव्ही नाही, कॅसेट नाही, जुना सिनेमा पुन्हा विकता येईल हे कुणाच्या डोक्यातही नाही. मग रीळं चांदी काढायला जायची. 'आलम आरा'ची रीळंही इराणींच्या मुलाने अशीच चांदीसाठी विकली, असं पी. के. नायर सांगायचे. त्या मुलाला शिव्या घालायचा मोह होतो, पण जुना फोन एक्स्चेंजमध्ये देताना आपण तरी त्यातल्या फोटोंचा किती विचार करतो?

नायरांचं नाव ओघात आलं, पण खरं तर आजचा भाग त्यांच्याचसाठी आहे.

परमेश कृष्णन नायर. जन्म १९३३, तिरुवनंतपुरम. लहानपणी तंबूतल्या वाळूवर बसून सिनेमे बघितले आणि ते वेड कधी उतरलंच नाही. वजनाच्या काट्यातून निघणारी नटनट्यांच्या चित्रांची कार्डं आणि सिनेमाची तिकिटंसुद्धा जमवायचे. दिग्दर्शक व्हायचं म्हणून मुंबईत आले, मोठ्या लोकांच्या हाताखाली थोडं कामही केलं, पण तिथे जमलं नाही. मग पुण्याला आले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं होतं, पुढच्याच वर्षी ते तिथे रुजू झाले. आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे १२ हजार चित्रपट जमवले. त्यातले आठ हजारांच्या आसपास भारतीय.

जागा बघा कशी जुळून आली. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, १९५३ पर्यंत बंद पडली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आणि तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, लॉ कॉलेज रोडवर, हे संग्रहालय. पुण्यातली मंडळी त्या रस्त्यावरून रोज जातात आणि त्यातल्या बहुतेकांना फक्त तिथला ट्रॅफिक माहीत असतो.

नायर काय करायचे? सरकारी खुर्चीत बसून अर्ज यायची वाट बघणाऱ्यांतले ते नव्हते. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, गोदामात डबा आहे असं कळलं की निघायचे. नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबापर्यंत पोचले. 'राजा हरिश्चंद्र'चा मिळेल तेवढा भाग मिळवला, 'कालिया मर्दन' मिळवला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, चार रिळांचा. आज आपण बघतो ती त्यातली दोन रीळं, पहिलं आणि शेवटचं. त्यातही काही अभ्यासक म्हणतात की हे तुकडे मूळ सिनेमाचे नाहीतच, फाळक्यांनी १९१७ साली तोच सिनेमा पुन्हा केला त्याचे आहेत. म्हणजे ज्याच्यापासून आपण भारतीय सिनेमाची वर्षं मोजतो, तोच नक्की कोणता हा प्रश्न आहे!

१९१९ चा 'कालिया मर्दन' मात्र बराचसा शिल्लक आहे आणि तो जरूर बघा. बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, छोट्या मंदाकिनीने केलंय. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते, जणू बापाने म्हटलंय, बघा माझी पोरगी काय करू शकते ते. शंभर वर्षं झाली, पण कौतुक अजून ताजं आहे.

नायर अंधारात बसून सिनेमा बघायचे आणि वहीत टिपणं काढायचे. अमुक प्रसंग कितव्या रिळात आहे हे त्यांना पाठ असायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसही तेच आणि सर्च इंजिनही तेच. पण मला त्यांची जास्त आवडणारी गोष्ट वेगळी आहे. जमवलेलं त्यांनी कडीकुलपात ठेवलं नाही. कर्नाटकात हेग्गोडू नावाचं लहानसं गाव आहे, तिथे नीनासम ही नाट्यसंस्था. संग्रहालयातले जगभरचे चित्रपट तिथे जायचे आणि सुपारीच्या बागांत राबणारी माणसं ते बघून त्यावर चर्चा करायची. सबटायटल वाचायचा कंटाळा येतो म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे नेहमी ऐकवतो. ते दुर्लक्ष करतात, तो भाग वेगळा.

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी नायरांवर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट केलाय, २०१२ चा. नायर ४ मार्च २०१६ ला पुण्यात गेले.

आणि एवढं करूनही? जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारांना आग लागली. प्रभातच्या कित्येक चित्रपटांची मूळ रीळं त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते सिनेमे वाचले. माझ्या धंद्यात 'बॅकअप घेतलाय का' हा सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न समजला जातो. पण प्रत म्हणजे मूळ नव्हे. मूळ निगेटिव्हमध्ये जो तपशील असतो, जो काळा रंग असतो, तो प्रतीच्या प्रतीत उतरत नाही. जुने सिनेमे धुरकट, खरखरीत असतात असं आपल्याला वाटतं ना? १९३६ साली ते तसे नव्हते. ती खरखर मधल्या वर्षांची आहे.

भारतात तेराशेहून जास्त मूकपट बनले. आज त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच जवळजवळ पूर्ण आहेत, बाकी दोन-अडीच डझनांचे तुकडे. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' घ्या. कर्जात बुडून जमीन गमावणारा शेतकरी, आणि ते काम केलं होतं तरुण व्ही. शांतारामांनी. पौराणिक सिनेमांच्या काळात असा विषय! तो मूकपट गेला. आपण 'सर्वोत्तम' म्हणून ज्यांच्यावर भांडतो ते खरं तर उरलेल्यांतले सर्वोत्तम आहेत. आणि कायद्याचं बघा, पुस्तक छापलं तर ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते, तो कायदा १९५४ चा आहे. सिनेमासाठी तसं सरसकट बंधन नाही. हे मला खरंच अजब वाटतं.

बरं, उरलंय त्याकडे येऊ. कुठून सुरुवात करू असं विचाराल तर मी दोन नावं सांगेन.

पहिलं 'संत तुकाराम', १९३६, दामले-फत्तेलाल. मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. पण सिनेमा खातात त्या गौरीबाई, तुकोबांची जिजाई. ती देवाशी भांडते, थेट देवळात शिरून चप्पल उगारते. हा भक्तिपट आहे म्हणून आमच्या पिढीतले बरेच जण बाजूला ठेवतात, पण यात अर्धा वेळ घरात दाणा नाही यावर नवरा-बायकोचं भांडण चाललंय. आणखी एक गंमत. यातलं एक गीत शांताराम आठवल्यांनी लिहिलं ते इतकं चपखल, की लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आणि जाणकार गाथेत तो शोधत बसले.

दुसरं 'कुंकू', १९३७, शांताराम. एका रिलीजच्या रात्री सर्व्हरवर नजर ठेवून जागत बसलो होतो, वेळ घालवायला म्हणून लावला आणि सकाळी चहाच्या वेळी सगळ्या टीमला त्याची गोष्ट सांगत होतो. नीराचं, म्हणजे शांता आपट्यांचं, लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलंय. हे काम केशवराव दात्यांचं. ती रडत बसत नाही. त्याला नवरा मानायलाच नकार देते, त्याच्याच घरात राहून. १९३७ साली! वकिलाची सुधारक मुलगी झाल्यात शकुंतला परांजपे. प्रत्यक्ष आयुष्यातही त्या संततिनियमनासाठी काम करायच्या. सई परांजपेंच्या आई.

आणि या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. मुद्दाम नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पावलं, रस्त्यावरचा गलका, ग्रामोफोन, एवढंच. नीरा गाते तेव्हा वाद्यमेळ कुठून तरी आभाळातून येत नाही.

शेवटी एक बातमी, तशी जुनी, २०१६ ची. 'बिल्वमंगल' नावाचा १९१९ चा मूकपट, कलकत्त्यात बनलेला. त्याचा भाग सापडला पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये, ५९४ मीटर. आपल्या संग्रहालयाने बदल्यात त्यांना १९३१ च्या 'जमाई बाबू'ची डिजिटल प्रत दिली. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं बदलायचो, तसंच. म्हणजे अजून काहीतरी कुठेतरी पडलेलं असू शकतं, परदेशातल्या कपाटात नाहीतर वाईच्या एखाद्या वाड्यात. तुमच्या गावात पूर्वी टूरिंग टॉकीज चालवणारं कुणी घर असेल तर माळ्यावर काय आहे ते एकदा विचारा. डबा सापडलाच तर उघडायच्या भानगडीत पडू नका, उन्हात ठेवू नका, जवळ काडी पेटवू नका. सरळ लॉ कॉलेज रोडला फोन करा.

पुढच्या भागात बाबूराव पेंटर, म्हणजे कोल्हापुरात घरच्या घरी कॅमेरा बनवणारा माणूस. तोपर्यंत 'कुंकू' बघा, हेडफोन लावून. ती टिकटिक फोनच्या स्पीकरवर नीट ऐकू येत नाही.