मामांचा प्रश्न आणि प्लेटलेटमधलं एन्झाईम

दिवाळीत राहात्याला मामांकडे होते. पेरूच्या बागेत बसून मामा स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट चाळत होते. म्हणाले, "एवढं सगळं छापलंय, मग माणूस तापट का, ते का नाही छापत गं?" हसू नका. हाच प्रश्न मोठमोठ्या प्रयोगशाळांनी विचारलाय.

गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. 1949 मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि ही मुळी जगभर गेली. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन घेणारे काही रुग्ण मात्र उदास होऊ लागले. कारण, रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिनचा साठा रिकामा करतं. दुसरीकडे, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण उत्साही व्हायचे. ते औषध हीच द्रव्यं मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज (माओ) या एन्झाईमला अडवतं.

म्हणजे मनःस्थिती एन्झाईमच्या हातात! पण जिवंत माणसाच्या मेंदूतलं एन्झाईम मोजणार कसं? रक्तातल्या प्लेटलेटमध्ये माओचाच एक प्रकार असतो. झालं, सुई टोचली की काम भागलं. (हा शॉर्टकट आहे, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.)

1976 मध्ये बुक्सबाउम, कोर्सी आणि मर्फी यांनी 375 कॉलेज विद्यार्थ्यांचं रक्त तपासून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त माओवाले निवडले. कमीवाल्यांत मानसिक मदत घेणारे जास्त निघाले, मुलांमध्ये कायद्याच्या भानगडीही. पुढे झुकरमनच्या 'थरार शोधण्या'च्या मापाशीही कमी माओ जोडला गेला. बेधडक स्वभावाची खूण रक्तात सापडली, असंच वाटू लागलं.

मग मध्ये आली सिगारेट. धूम्रपान करणाऱ्यांच्या प्लेटलेटमध्ये माओ कमी असतो. 1996 मध्ये जोआना फाउलर यांच्या गटाने पेट स्कॅनवर दाखवलं की त्यांच्या मेंदूतलं माओ-बीसुद्धा सुमारे 40 टक्के कमी असतं. दोष निकोटिनचा नाही, धुरातल्या इतर पदार्थांचा. सोडली की पातळी परत वर येते. आता बघा, थरार आवडणारे लोक सिगारेटही जास्त ओढतात. मग जुन्या अभ्यासांत मोजलं काय, स्वभाव की धूर? धूम्रपान हिशेबात धरलं की तो संबंध बराच फिका पडतो.

मामांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे माझ्या रक्तात तुला विडीच सापडणार!"

मी तिथेच गप्प झाले. माझ्या पीएचडीच्या नमुन्यांच्या फॉर्ममध्ये विडी-सिगारेटचा रकानाच नव्हता. परत येऊन सगळ्यांना पुन्हा फोन लावले. अजून काही उचलत नाहीत.