उद्रेकवाचक इंग्रजी शब्द : नगर जिल्ह्यातील वापर

एकाएकी उसळणाऱ्या हिंसक घटनांना नावे देताना इंग्रजीने निसर्ग आणि रोग या दोन ठिकाणांहून पुष्कळ उसनवारी केली आहे. ‘इरप्शन’ म्हणजे लॅटिनमध्ये फोडून बाहेर पडणे. ज्वालामुखीलाही तोच शब्द आणि अंगावर फुटणाऱ्या देवी-गोवरालाही तोच. ‘आउटब्रेक’ युद्धाला चालतो, पटकीच्या साथीला चालतो आणि शेतकऱ्यांच्या उठावालाही चालतो. ‘एक्स्प्लोजन’चे मूळ रोमन नाट्यगृहात आहे. न आवडलेल्या नटाला टाळ्या पिटून हुसकावणे हा त्याचा पहिला अर्थ. दारूगोळा त्याला फार पुढे चिकटला. ‘बर्सर्क’ उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेतून आला, ‘ॲमॉक’ मलय भाषेतून. ‘रायट’ हा जुन्या फ्रेंचमधला भांडणाचा शब्द आहे. आपल्या ‘रयत’ या अरबी मुळाच्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही, जरी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अहवालांत हे दोन शब्द एकाच ओळीत वारंवार भेटतात.

हे दोन शब्द सर्वांत जास्त एकत्र आले ते १८७५ साली. १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली आणि कर्जखते, रोखे, वह्या मागून घेऊन जाळल्या. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पोचले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गावे त्यात होती आणि ९५१ माणसे पकडली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने या घटनेला ‘डेक्कन रायट्स’ म्हटले. मराठीत त्याचे ‘दख्खनचे दंगे’ झाले आणि शालेय पुस्तकांतून ते नाव कायम राहिले.

‘दंगा’ हा शब्द इथे तोकडा पडतो. दंग्यात हाताला लागेल ते मोडतात. इथे बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती, कागद द्या. कागद मिळाले की जमाव सहसा पांगे. धान्य लुटल्याचे आणि काही ठिकाणी आग लावल्याचे प्रकार झाले, पण सावकाराच्या जिवावर उठण्याचा हेतू क्वचितच दिसला, हे आयोगालाही मान्य करावे लागले. शेतकऱ्याला आपल्या जाचाचे मूळ कुठे आहे ते नेमके ठाऊक होते. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडले. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, कर्जाचा ओघ आटला, आणि त्याच सुमारास नव्या पाहणीने शेतसारा वाढला. जाळले गेले ते खत म्हणजे या सगळ्याची लेखी गाठ होती.

‘एकाएकी’ हे विशेषण तर तपासूनच घेतले पाहिजे. सुप्याच्या आधी पाच महिने, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकाराला वाळीत टाकले होते. न्हावी, परीट, पाणक्या, कोणीच त्याच्या दारी जाईना. इंदापूरकडच्या कळस गावच्या लोकांनी तर सावकारांचे काम न करण्याचे समपत्र लिहून काढले. ज्या हालचालीला ठराव होता, बैठक होती, कागदावर अंगठे होते, तिला ज्वालामुखीचा शब्द लावणे म्हणजे त्या माणसांचा विचार पुसून टाकणे. शेतकऱ्यांचे उठाव वादळासारखे, वणव्यासारखे, साथीसारखे वर्णिण्याची ही सरकारी लेखनाची सवय इतिहासकार रणजित गुहा यांनी १९८३च्या एका निबंधात उघड केली. नगरची हकीकत त्या निबंधाशेजारी ठेवून वाचावी.

कायद्याच्या भाषेत मात्र आकस्मिकतेला वेगळी किंमत आहे. गंभीर आणि अचानक चिथावणीने घडलेला मनुष्यवध खुनापेक्षा सौम्य ठरू शकतो. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने हाही मुद्दा मांडला होता आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे न्यायालयात ‘अचानक’ हा शब्द आरोपीला वाचवू पाहतो, इतिहासात तोच शब्द माणसाची अक्कल काढून घेतो. ‘रायट’ला भारतीय दंडविधानात ठरीव अर्थ होता: पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि समान उद्देशासाठी बळाचा वापर. आताच्या न्याय संहितेतही तो टिकून आहे.

मराठीची स्वतःची शब्दसंपत्ती या बाबतीत अधिक बारकाईची आहे. ‘भडका’ आगीचा, ‘उसळी’ पाण्याची, ‘हुल्लड’ पोरकट, ‘पुंडावा’ सरकारी रोषाचा, ‘बंड’ सत्तेला सामोरे जाणारे, ‘उठाव’ म्हणजे निजलेल्याने किंवा दबलेल्याने उठणे. ‘उद्रेक’चा संस्कृत अर्थ अतिरेक, भरून वाहणे असा आहे, त्यात आधी साठत आल्याची जाणीव असते, म्हणून ‘आउटब्रेक’पेक्षा तो खरा. नगर जिल्ह्याच्याच अकोले तालुक्यात राघोजी भांगरे यांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याला लोक ‘बंड’ म्हणतात आणि त्या शब्दात आदर असतो. इंग्रजी कागदांत त्याच माणसाला दरोडेखोर ठरवले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. १८५७ला ‘शिपायांचे बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वादही अशाच शब्दनिवडीचा.

१८७५च्या घटनेसाठी मराठी लेखकांनी ‘शेतकऱ्यांचा उठाव’ हेच नाव वापरावे. आयोगाच्या नावात ‘रायट्स’ असले तरी त्यानंतर १८७९ साली आलेल्या कायद्याच्या नावात दंग्याचा उल्लेख नाही. त्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा असे शब्द आहेत, आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.