पॅकिंग (मेसेज बेसचे)

टेलिफोन लाइन आणि मोडेमवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांच्या (बीबीएस) संदेशसाठ्यात पुसलेल्या संदेशांनी अडवलेली जागा मोकळी करण्याची क्रिया. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागोत पहिला बोर्ड सुरू केला. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट उभे केले, बोर्डाबोर्डांत टपालाची देवघेव होऊ लागली आणि जुने संदेश काढून टाकणे हे रोजचे काम झाले. बहुतेक रचनांत पुसणे म्हणजे नुसती खूण करणे : संदेश रद्द ठरतो, मजकूर फाइलमध्ये पडून राहतो. म्हणून पॅकिंगकडे डिस्कची काटकसर म्हणून पाहण्याची सवय आहे. पण बाइट मोकळे करणे हा त्यातला सोपा भाग होय. कोणता संदेश कोणाचे उत्तर आहे, कोणी कुठवर वाचले आहे, हे सारे संदेशांच्या क्रमांकांवर उभे असते आणि जागा आवळताना ते क्रमांक शाबूत ठेवणे हे खरे अवघड काम आहे.

याचा पुरावा सर्वांत साध्या रचनेतच मिळतो. फिडोच्या मूळ पद्धतीत एक संदेश म्हणजे एक फाइल आणि संदेशाचा क्रमांक हेच फाइलचे नाव. फाइल पुसताच जागा डॉसकडे परत जाते, पॅकिंगची गरजच उरत नाही. तरीही सिसॉपची, म्हणजे बोर्डचालकाची, सुटका झाली नाही. क्रमांकांत पडलेल्या फटी बुजवायला त्याला फाइलींना नवे क्रमांक द्यावे लागत आणि त्याबरोबर प्रत्येक सभासदाची ‘शेवटचा वाचलेला’ ही नोंद व उत्तरांचे दुवेही सरकवावे लागत. जागेची बचत तर नव्हतीच. फॅट-१६ पद्धतीत एक गिगाबाइटहून मोठ्या पार्टिशनवर दीड किलोबाइटचा संदेशही ३२ किलोबाइटचे अख्खे क्लस्टर अडवी.

क्विकबीबीएसबरोबर आलेली हडसन रचना दुसऱ्या टोकाला गेली. तिच्यात २०० पर्यंत विभागांचे सगळे संदेश एकाच फाइलसंचात राहत आणि मजकूर २५६ बाइटांच्या तुकड्यांत लिहिला जाई. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे मजकुराची फाइल सुमारे १६ मेगाबाइटपलीकडे वापरता येत नसे, मग डिस्कवर कितीही जागा शिल्लक असो. पुसलेले संदेश पॅक होईपर्यंत या क्रमांकांवर हक्क सांगत बसत. डिस्क स्वस्त झाल्यावर पॅकिंग कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते : संपत आले होते ते क्रमांक, आणि नवी डिस्क विकत घेऊन ते वाढत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोकळी झालेली जागा लगेच नव्या संदेशाला दिली तर वेगळे पॅकिंग हवेच कशाला? स्कॉट डडलीच्या स्क्विश रचनेने नेमके हेच केले. संदेशांच्या चौकटी एकमेकींना साखळीने जोडलेल्या, पुसलेल्या चौकटींची साखळी वेगळी. नवा संदेश आधी तिथे जागा शोधतो. विभागात जास्तीत जास्त किती संदेश ठेवायचे हे ठरवून दिले, की फाइल बरीचशी आटोक्यात राहते. पण मोठ्या चौकटीत छोटा संदेश गेला की उरलेली जागा फुकट जाते, छोट्या चौकटीत मोठा मावत नाही, आणि एकदा फुगलेली फाइल आपोआप लहान होत नाही. म्हणून स्क्विशसोबतही पॅक करणारा प्रोग्रॅम द्यावाच लागला. माझ्या मते स्क्विशचे मोठेपण पुनर्वापरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे : प्रत्येक संदेशाला पुन्हा कधीही न वापरला जाणारा कायम क्रमांक मिळतो आणि कोण कुठवर वाचून झाले हे त्याच क्रमांकाने नोंदले जाते. संदेश फाइलमध्ये कुठेही हलवा, वाचकाची खूण चुकत नाही. १९९३ मधील जॅम रचनेत पुनर्वापर नाही. पॅक करेपर्यंत फाइल वाढतच जाते. मात्र तिथे संदेशाचा क्रमांक सूचीतील स्थानावरून ठरतो, त्यामुळे मजकूर आणि शीर्ष काढून टाकून आठ बाइटांची रिकामी नोंद मागे ठेवली, की पुढचे क्रमांक जागचे हलत नाहीत. आठ बाइटांत एवढे साधत असेल तर तो सौदा स्वस्तच म्हणायचा.

पॅकिंगची किंमत वेळेत आणि तात्पुरत्या जागेत मोजावी लागते. सहसा जिवंत संदेश नव्या फाइलमध्ये उतरवले जातात, त्यामुळे काही काळ दोन्ही प्रती मावतील एवढी डिस्क लागते आणि तोवर त्या साठ्यात कोणालाही लिहू देता येत नाही. हडसनमध्ये याचा अर्थ सगळे विभाग बंद. विभागवार फाइली असलेल्या स्क्विश आणि जॅममध्ये एका वेळी एकच. म्हणूनच हे काम रात्री, फोन कमी येत असताना, उरकले जाई. खाजगी टपालाच्या बाबतीत मात्र बाइटांनाच महत्त्व आहे, हे मान्य करावे लागते : पुसलेले पत्र पॅकिंग होईपर्यंत कोणत्याही हेक्स एडिटरने वाचता येते. पण पॅकिंग हाही त्यावरचा पक्का इलाज नव्हे. जुनी फाइल डॉसने पुसली तरी तिची सेक्टरे दुसरे काही त्यांवर लिहिले जाईपर्यंत जशीच्या तशी राहतात.