डंकन, जोनाथन

डंकन, जोनाथन : (15 मे 1756 – 11 ऑगस्ट 1811). ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातील मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. डिसेंबर 1795 मध्ये त्याने कारभार हाती घेतला आणि पदावर असतानाच मुंबईत त्याचे निधन झाले. इतका दीर्घकाळ या पदावर दुसरा कोणीही राहिला नाही.

जन्म स्कॉटलंडमधील फॉर्फरशर परगण्यात. 1772 मध्ये तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला. पुढे बनारसचा रेसिडेंट असताना त्याने 1791 मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली, तसेच जौनपूर भागातील राजकुमार राजपुतांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले.

मुंबईतील त्याच्या राजवटीत कंपनीने सुरत ताब्यात घेतली (1800), दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झाला (1802) आणि गायकवाडांच्या दरबारात इंग्रजांचे वजन वाढले. मुंबईच्या उपनगरांच्या दृष्टीने मात्र या साऱ्याहून मोलाचे काम शीवच्या खाडीवरच्या बांधाचे आहे.

साष्टी बेट इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस मराठ्यांकडून जिंकले आणि सालबाईच्या तहाने (1782) ते त्यांच्याकडेच राहिले. तरी मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी होतीच. शीव ते कुर्ला बांध 1798 मध्ये सुरू होऊन 1805 मध्ये पुरा झाला. त्यासाठी सुमारे पन्नास हजार रुपये लागले. त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेत. साष्टीतून येणारी बैलगाडी आता ओझे न उतरवता थेट मुंबईत शिरू लागली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या ठाण्याच्या वाटेवरील गावांचे शहराशी नाते खऱ्या अर्थाने इथून जडले. अंधेरी-बोरिवलीच्या बाजूला तशी सोय व्हायला माहीमचा बांध 1845 मध्ये खुला होईपर्यंत थांबावे लागले. शीवचा बांध 1826 मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, दुप्पट रुंद करण्यात आला.

साष्टीतील जमिनी मोठ्या पट्ट्यांनी खासगी हातांत देण्याचे धोरणही याच काळातले. पवईचा गाव 1799 मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांस मिळाला. 1808 मध्ये मुंबईतील अपोलो बंदराजवळच्या एका जागेच्या मोबदल्यात होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ल्यासह सात गावे देण्यात आली. मरोळ, सहार, मोहिली, कोळेकल्याण ही त्यांतलीच. पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन कसणाऱ्या कुणब्या-आगऱ्यांचा, स्थानिक ख्रिस्ती (ईस्ट इंडियन) कुटुंबांचा खोत त्यामुळे एका कागदाने बदलला. डंकनच्या कारभाराचे मूल्यमापन करताना बांधाइतकीच ही देवघेवही ध्यानात घ्यायला हवी.

फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये डंकनचे संगमरवरी स्मारक आहे. बनारस आणि काठेवाडातील बालहत्या बंद झाल्याचा निर्वाळा त्यावर कोरलेला आहे. डंकनची कळकळ खरी होती, पण हा दावा खरा ठरला नाही. ही चाल पुढेही चालू राहिली आणि सरकारला 1870 मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.