टिमथीचा उपवास

राजांच्या स्वाऱ्या, तहांच्या अटी आणि गादीचे तंटे टिपून ठेवणारे लेखक प्रत्येक देशांत झाले आहेत. परंतु एका कासवानें कोणत्या ऋतूंत अन्न सोडलें आणि कोणत्या तारखेस जमीन उकरावयास आरंभ केला, हें आस्थेनें लिहून ठेवणारा मनुष्य विरळा. इंग्लंडांत हॅम्पशर परगण्यांतील सेल्बोर्न या खेड्यांत अठराव्या शतकांत असा एक मनुष्य होऊन गेला. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा पेशानें धर्मोपदेशक. पण त्याचें खरें चित्त कुंपणांत, पाणथळींत आणि पांखरांच्या घरट्यांत गुंतलेलें असे. मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें त्याचें सेल्बोर्नच्या निसर्गावरील पुस्तक १७८९ सालीं पुढें आलें, आणि त्याच्या आवृत्त्या अजून निघत आहेत. पाळलेल्या कासवांना व सरड्यांना हिवाळ्याच्या झोंपेसाठीं कसें तयार करावें, या प्रश्नाला आज एका लहानशा शास्त्राचें रूप आलें आहे. त्या शास्त्राचा इतिहास कोणी लिहूं लागल्यास पहिलें पान त्यानें व्हाइटच्या घरच्या कासवाला द्यावें, असें मला वाटतें.

हें कासव मूळचें भूमध्यसमुद्राकडील. १७४० च्या सुमारास चिचेस्टर येथें एका खलाशाकडून तें अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, विकत घेण्यांत आलें, आणि ससेक्समधील रिंगमर गांवीं व्हाइटची आत्या रिबेका स्नूक हिच्या घरीं भिंतीनें वेढलेल्या एका लहान अंगणांत राहूं लागलें. त्याचें नांव टिमथी. तीस वर्षांहून अधिक काळ आत्याबाई त्याला स्वतःच्या हातानें खाऊं घालीत होत्या. एरवीं मंद असणारें तें जनावर त्या दिसतांच लडबडत त्यांच्याकडे येई. परक्या माणसाकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. व्हाइट आत्याकडे जाई तेव्हां त्याचा बराचसा वेळ या अंगणांत जात असावा, असें त्याच्या पत्रांवरून दिसतें.

१७७१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस टिमथीनें आपली हिवाळ्याची बीळ उकरावयास घेतली, अशी त्याची नोंद आहे. पुढच्या पायांनीं माती खरवडावी, मागच्या पायांनीं ती पाठीवरून उडवावी, आणि हें सर्व घड्याळाच्या तासकांट्याहून किंचित् अधिक वेगानें! त्यांत दुपारीं ऊन पडलें कीं काम टाकून बाहेर यावें. पंधरवडा होत आला तरी खड्डा अपुराच होता. भरल्या गाड्याचें चाक पाठीवरून गेलें तरी ज्याला कांहीं होणार नाहीं, तें जनावर पावसाच्या चार थेंबांना ठेवणीचें लुगडें नेसलेल्या बाईसारखें भितें, याचें व्हाइटला मोठें कौतुक वाटे. आपल्याकडे गीतेनें कासवाला स्थितप्रज्ञाच्या उपमेचा मान दिला आहे. व्हाइटला मात्र कोडें पडे तें असें, कीं आयुष्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जें झोंपेंत घालवितें, त्याला परमेश्वरानें इतकें दीर्घ आयुष्य द्यावें कशासाठीं?

पण त्याच्या नोंदींतील खरें धन या कौतुकांत नाहीं. तें दोन साध्या वाक्यांत आहे. पहिलें असें: वसंतांत कासव प्रथम बाहेर येतें तेव्हां त्याला भूक जेमतेम असते, भर उन्हाळ्यांत तें अधाशी होतें, पुढें ऊन उतरत जातें तशी भूकही उतरते, आणि शरदांतील शेवटचे सहा आठवडे तें जवळ जवळ कांहींच खात नाहीं. दुसरें १७८० च्या एप्रिलमधील. पत्र लिहीत असतांनाच दमट, उबदार दुपार झाली, उष्णतामापक यंत्रांत पारा ५० अंशांवर होता, आणि नेमकें त्याच वेळीं कासवानें माती सारून डोकें वर काढलें. हे अंश फॅरनहाइटचे. आपल्या आजच्या मापानें १० अंश सेल्सियस. आज कोणत्याही जाणत्या पशुवैद्याला विचारलें, तर भूमध्यसमुद्राकडील कासवाची झोंप १० अंशांच्या आसपास चाळवते आणि झोंपेपूर्वीं त्याला कांहीं आठवड्यांचा उपास घडला पाहिजे, हेंच तो सांगेल. उपासाचे आठवडे आणि जागृतीचा अंश हीं दोन्ही मानें व्हाइटनें कसलाही प्रयोग न करतां, केवळ अंगणांत बसून टिपलीं होतीं.

उपास कशाला, हें व्हाइटनें सांगितलें नाहीं. त्याचें कारण आतां स्पष्ट झालें आहे. या प्राण्यांच्या शरीरांत स्वतःची उष्णता नसते. सूर्य देईल तेवढीच ऊब, आणि त्या उबेवरच पचन अवलंबून. थंडी पडली कीं आतड्यांचें काम थांबतें, आणि आंत राहिलेलें अन्न पचण्याऐवजीं कुजूं लागतें. अस्वल हिवाळ्यापूर्वीं पोटभर खाऊन चरबी सांठवितें, तें सस्तन प्राणी म्हणून त्याला साधतें. कासव किंवा सरडा त्याचें अनुकरण करूं शकत नाहीं. पण पाळणाऱ्याचें मन हें कबूल करीत नाहीं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण जसे आग्रह करकरून वाढतों, तसें झोंपेला निघालेल्या कासवाला शेवटच्या दिवसापर्यंत कोवळीं पानें चारावींशीं वाटतात. या प्रेमानें किती कासवें मेलीं असतील याची गणती कोणी केलेली नाहीं. व्हाइटचें पुस्तक घरोघर होतें. तें पांखरांसाठीं वाचलें जाई, आणि सहा आठवड्यांचें तें वाक्य बहुधा डोळ्यांखालून तसेंच निघून जाई.

मार्च १७८० मध्यें आत्याबाई वारल्या आणि टिमथी व्हाइटच्या वांट्यास आलें. त्यानें तें भर झोंपेंतून उकरून काढलें. तेव्हां तें रागानें फुत्कारलें. मग मातीनें भरलेल्या पेटींत घालून भाड्याच्या घोडागाड्यांतून ऐंशी मैलांचा प्रवास झाला. गाडीच्या खडखडाटानें तें इतकें जागें झालें, कीं सेल्बोर्नच्या बागेंत सोडतांच दोन वेळां बागेच्या टोंकापर्यंत चालून गेलें. सायंकाळीं गारठा पडला म्हणून पुन्हा भुसभुशीत मातींत गडप झालें, हें त्याचें दैव. अकालीं जागें होणें म्हणजे सांठविलेल्या शक्तीची उधळपट्टी. पोटांत अन्न नाहीं आणि बाहेर ऊन नाहीं, अशा स्थितींत चार दिवस जागें राहिलेलें जनावर वसंतापर्यंत टिकेलच असें नाहीं. इतक्या बारीक नजरेच्या माणसानें तीन आठवडे थांबूं नये, हें मला कधींच नीट उमगलेलें नाहीं. पुढें त्यानें टिमथीला पाण्याच्या टबांत सोडून पाहिलें आणि कर्ण्यांतून हांका मारून पाहिल्या. पण हिवाळ्यांत त्याला पुन्हा उकरून प्रवासाला नेलें नाहीं. मात्र त्याचें वजन करण्याचा परिपाठ ठेवला. तें सहा-सात पौंडांच्या दरम्यान भरे, आणि झोंपेनंतर कांहीं औंस घटलेलें असे.

या तराजूचें महत्त्व समजावयास जवळ जवळ दोनशें वर्षें लागलीं. विसाव्या शतकांत भूमध्यसमुद्राकडील कासवें पेट्या भरभरून ब्रिटनमध्यें येऊं लागलीं आणि बाजारांत स्वस्तांत विकलीं जाऊं लागलीं. त्यांतलीं पुष्कळशीं पहिला हिवाळाही पार करीत नसत. मुलांसाठीं असलेल्या ‘ब्लू पीटर’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत १९६३ सालीं फ्रेड नांवाचें कासव आलें. तें मादी निघालें म्हणून फ्रेडा झालें. शरद ऋतूंत कासवाला पेटींत गवताच्या बिछान्यावर निजविण्याचा विधि त्या कार्यक्रमामुळें घरोघर पाहिला जाऊं लागला. पुढें १९८० च्या सुमारास ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्यानें कवचाची लांबी आणि वजन यांचें प्रमाण मांडून, कोणतें कासव झोंपेस योग्य व कोणतें अशक्त, हें ओळखण्याचा तक्ता तयार केला. अशक्त ठरेल त्याला झोंपूं न देतां दिव्याच्या उबेंत हिवाळा काढूं द्यावा, असा त्याचा अर्थ. १९८४ मध्यें युरोपीय समुदायानें या कासवांच्या व्यापारास बंदी घातली, आणि उरलेल्या कासवांची किंमत पाळणाऱ्यांना कळूं लागली. आतां कित्येकजण टिमथीच्या वंशजांना चक्क रेफ्रिजरेटरमध्यें निजवितात! तेथें पांच अंशांच्या आसपास तापमान स्थिर राहतें. पारा शून्याखालीं गेला तर डोळे थिजून कासव आंधळें होण्याची भीति. दहाच्या वर गेला तर तें जागें होणार. अधूनमधून दार उघडून ताजी हवा द्यावयाची आणि तराजूवर वजन पाहावयाचें, एवढेंच पाळणाऱ्याच्या हातीं.

सरड्यांची कथा याहून नवी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांतील शिंगाळ्या सरड्यांचा अभ्यास करतांना विल्बर मेह्यू या प्राणिशास्त्रज्ञानें १९६५ सालीं असें सुचविलें, कीं सरपटणाऱ्या प्राण्यांची हिवाळी सुस्ती ही सस्तन प्राण्यांच्या शीतनिद्रेहून वेगळी मानावी. त्यासाठीं त्यानें हिवाळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘ब्रूमेशन’ हें नांव बनविलें. हल्लीं पाश्चात्त्य घरांत ऑस्ट्रेलियांतील दाढीवाला सरडा फार लोकप्रिय आहे. त्याच्या मायदेशीं हिवाळा जूनमध्यें आणि पाळणाऱ्याच्या घरीं डिसेंबरांत, म्हणून त्याचें पंचांग दिव्यांनीं ठरवावें लागतें. येथें एक गोम आहे. अन्न बंद केल्याबरोबर दिवाही काढून घेतला, तर उपासाचा हेतूच फसतो. आधीं एक-दोन आठवडे अन्न बंद पण ऊब चालू, म्हणजे आतडीं रिकामीं होतात. मग प्रकाशाचे तास थोडे थोडे कमी करावयाचे आणि शेवटीं गारवा. पाणी मात्र कोणत्याही टप्प्यावर तोडावयाचें नाहीं. कासवांना तर या उपासाच्या काळांत कोमट पाण्यांत बसवितात.

हा नियम सरसकट लावणें मात्र घातक. आपल्या देशांतील तारा कासव हिवाळ्यांत असें झोंपत नाहीं. त्याला टिमथीप्रमाणें थंडींत ठेवलें तर तें मरेल. तें पाळण्यास आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, तरी चोरून परदेशीं नेलीं जाणारीं तारा कासवें वारंवार पकडलीं जातात. पोंचलेल्यांपैकीं कितींच्या नशिबीं असें शीतगृह येत असेल, कोण जाणे.

व्हाइटचा एक हट्ट शेवटपर्यंत सुटला नव्हता. हिवाळ्यांत नाहींशा होणाऱ्या पाकोळ्याही कासवाप्रमाणें कोठेंतरी दडून झोंपत असाव्यात, असा त्याचा संशय होता. त्यानें माणसें लावून झुडपें व बिळें धुंडाळलीं. हातीं कांहीं आलें नाहीं. पाकोळ्या आफ्रिकेंत जात होत्या. टिमथी मात्र दर नोव्हेंबरांत बागेंतच असे. त्याचें कवच आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत आहे, आणि त्याच्या तपासणींत टिमथी हीही मादीच होती असें निष्पन्न झालें. इंग्रजी लेखकांना त्यामुळें सर्वनाम बदलावें लागलें. मराठींत कासव नपुंसकलिंगी असल्यानें आपली सोय झाली. व्हाइट २६ जून १७९३ रोजीं वारला. टिमथी त्यानंतर आणखी एक हिवाळा मातीखालीं राहून १७९४ मध्यें मेलें. त्या हिवाळ्याची नोंद रोजनिशींत नाहीं.