बिब्ब्याची खूण

1993 च्या भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत मामाचं घर आहे. पुढच्या खोलीत मामेभावाने हीटप्रेस, म्हणजे गरम दाबाने कपड्यांवर छापायचं यंत्र, मांडलाय. गणपती, शिवजयंती, व्हॉलीबॉलचे सामने आले की टी-शर्टांचे गठ्ठे दारापर्यंत येतात. पहिला टी-शर्ट मात्र त्याने साध्या इस्त्रीने केला होता. ट्रान्सफर पेपरवर नाव छापलं, कागद पांढऱ्या सुती टी-शर्टावर पालथा घातला, इस्त्री दाबून धरली आणि कागद सोलला. अक्षरं सगळी उलटी! कागद पालथा पडतो, म्हणून त्यावर नाव आरशात दिसतं तसं छापायचं असतं, हे त्याला तेव्हा कळलं. मामी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "धुतल्यावर ऱ्हातंय का हे, बिब्ब्यावानी?"

या छपाईचं कूळ मामीच्या त्या प्रश्नातच आहे. घराघरांतले कपडे एकाच भट्टीत जायचे, तेव्हा कोणतं धोतर कोणाचं हे परटाला कळायचं बिब्ब्याच्या खुणेवरून. बिब्ब्याच्या टरफलात जहाल रस असतो. सुई टोचून तो काढायचा, कापडाच्या कोपऱ्यात ठिपके-रेघा ओढायच्या आणि वर चुना लावायचा. खूण काळी पडते, मग कितीही आपटा, जात नाही. इंग्रजांनी या फळाचं नावच 'मार्किंग नट' ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या सैनिकांच्या मानेवर गणवेशातल्या या खुणांमुळे पुरळ उठू लागलं. अमेरिकन डॉक्टरांनी 1943 साली त्यावर लेख लिहिला आणि आजाराचं नाव ठेवलं 'धोबी मार्क डर्मटायटिस'. परटाच्या चोख कामात असा बिब्बा पडला.

कापडावर नक्षी उमटवण्याचा मान ठशाचा. लाकडी ठशांनी छापलेलं सुती कापड म्हणजे चीट. 'चिंट्झ' हा इंग्रजी शब्द याच घराण्यातला. ठसा कोरणाराही चित्र उलटंच कोरतो, तेव्हा कापडावर ते सुलटं येतं. मामेभाऊ चुकला तो या जुन्या नियमाला.

हा नियम मोडला स्क्रीन प्रिंटिंगने. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 साली रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. चौकटीवर जाळी ताणायची, नको तेवढी छिद्रं बुजवायची आणि रबरी पट्टीने शाई खाली ओढायची. शाई जाळीतून आरपार जाते, त्यामुळे सुलटं चित्र सुलटंच उमटतं. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या कित्येकांनी याच चौकटीवर टी-शर्टही छापले.

ज्यावर हे सगळं उमटतं तो टी-शर्ट मुळात आत घालायचा कपडा. अमेरिकी नौसैनिक तो गणवेशाखाली घालत. आपला गंजीफ्रॉकही दर्यावर्दीच. गर्न्सी बेटावरच्या खलाशांचा विणलेला 'गर्न्सी फ्रॉक' आपल्या तोंडी गंजीफ्रॉक झाला. आतला कपडा बाहेर आला आणि छातीवर मोकळी जागा मिळाली. कोपऱ्यातली खूण तिथे जाऊन बसली. परटाची खूण फक्त परटाला वाचता यायची. छातीवरची खूण चौकातल्या प्रत्येकाने वाचावी म्हणूनच असते.

मामेभावाचं यंत्र त्यापुढची पिढी. 1957 साली फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांच्या लक्षात आलं, की काही रंग तापवले की थेट वाफ होतात आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतात. हेच सब्लिमेशन. साधारण 200 अंशांवर मिनिटभर दाबलं की झालं. हाताला छपाई लागतच नाही, कारण रंग धाग्यावर नसतो, धाग्याच्या पोटात असतो. पण सुताला हा रंग धरत नाही आणि गडद कापडावर तो दिसतही नाही. म्हणून अशा छपाईच्या जर्सी पॉलिस्टरच्या. काळा सुती टी-शर्ट हवा असेल तर डीटीएफ: खास फिल्मवर रंगीत चित्र, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, मग डिंकासारखी भुकटी, आणि गरम दाब. फिल्म पालथीच पडते, म्हणजे चित्र पुन्हा उलटं!

परवा तो एका मंडळाच्या टी-शर्टांवर राजमुद्रा छापत होता. छाती झाली, पाठ झाली. मग टी-शर्ट उलटा करून त्याने गळ्याच्या आत, मानेपाशी, बारीक अक्षरांत साइज उमटवला. लेबल टोचतं म्हणून गिऱ्हाइकं हल्ली असंच मागतात, म्हणाला.

मामीने तो टी-शर्ट हातात घेतला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "परीट बी हितंच घालायचा."